चार वाजताचा जीनियस

"दोन स्क्रू उरलेत," स्टोअरकीपर म्हणाले.

"जीनियस!" बायको म्हणाली.

लग्न झाल्यापासून ही पदवी ती त्यांना बहाल करत आली होती. दूध उतू गेलं की जीनियस, बायकोला भलत्याच बसमध्ये चढवलं की जीनियस. कारखान्यातले साहेबही जीनियस म्हणत, पण ते रजेच्या अर्जातली कारणं वाचताना. जन्मभर स्टोअरकीपरांनी दुसऱ्यांना कपाटातून स्क्रू काढून दिले. स्वतः एक पिळला नाही. निवृत्तीनंतर ती हौस भागवताना घरातली बहुतेक यंत्रं त्यांनी कायमची शांत केली होती.

आज मात्र प्रकरण गंभीर होतं. चार वाजता बायकोची धाकटी बहीण आयुष्यात पहिल्यांदा रेडिओवर गाणार होती. आणि रेडिओ त्यांनी कालच 'नुसती धूळ झटकायला' उघडला होता.

"माझ्याकडे चला की ऐकायला," शेजारच्या मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या.

"छे!" बायको म्हणाली. "याच रेडिओपुढे बसवून तिला गाणं शिकवलंय मी. ऐकेन तर इथंच."

मग मास्तरीणबाईच आत येऊन बसल्या. "जीनियस म्हणजे मुळात हुशार माणूस नव्हे हं. जुन्या रोमन लोकांत प्रत्येकाचा एकेक असायचा. जन्मापासून पाठीशी उभा राहणारा राखणदार. मरेपर्यंत सोडायचा नाही."

"आमचा तरी कुठं सोडतोय," बायको म्हणाली.

चार वाजले. रेडिओ कढईत काही पडल्यासारखा तडतडला. स्टोअरकीपरांनी घाबरून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि आतून मेहुणी स्वच्छ गाऊ लागली. त्यांनी खुशीत हात उचलला. तडतड.

"हात काढू नका!" दोघी एकदम ओरडल्या.

ते तसेच वाकून उभे राहिले. मेहुणीला घाई नव्हती. हाताला मुंग्या आल्या, नाक खाजलं, तरी ते हलले नाहीत. समोर बायकोचे ओठ हलत होते, प्रत्येक ओळीला बहिणीच्या जरासे आधी.

गाणं संपलं. निवेदकानं नाव अगदी बरोबर घेतलं. बायको पदरानं डोळे पुसत उठली, स्वयंपाकघरातलं स्टूल आणून तिनं त्यांच्या मागे ठेवलं.

"बसा, जीनियस," ती म्हणाली. "अजून एक गाणं आहे तिचं."

ते बसले. हात जागचा हलू दिला नाही.