डावरीची मूठ

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर, घडी घातलेल्या चादरींच्या मागे, तीन तारा तुटलेली एक टेनिसची रॅकेट पडून होती. ती मी. कपाटाचं दार वाजलं की अजूनही माझ्या छातीत धस्स होतं. आम्हा रॅकेटींना खेळाडूच्या तळहातावरून सगळं कळतं, आणि माझ्या वाट्याला आलेला तळहात भित्रा होता. त्याची भीती माझ्यात उतरली ती कायमचीच.

कारखान्यातल्या साच्यातून मी निघाले आणि एका कॉलेजात आले. तिथे तारा बसवणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मला एवढी ताणली, की आता मोडतेच असं मला वाटलं. मग त्यांनी मला एका सडपातळ मुलीच्या हाती दिलं. ती डाव्या हाताने खेळायची, म्हणून सगळे तिला डावरी म्हणत. तिचा हात घामाने ओला होता. म्हातारबुवा म्हणाले, "घाबरतेस ते बरंय. न घाबरणारी पोरं माझ्या रॅकेटी आपटून मोडतात."

कॉलेजच्या सामन्यांना पंच नसायचा. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. शंका आली तर गुण समोरच्याला. अंतिम सामन्याच्या शेवटच्या चेंडूला डावरीला शंका आली. तिचा अंगठा माझ्या मुठीत रुतला. ‘बाहेर’ एवढा एकच शब्द उच्चारला असता तर करंडक तिचा होता. ती म्हणाली, "आत." आणि हरली. परतीच्या प्रवासात प्रशिक्षक तिच्या शेजारची जागा सोडून लांब जाऊन बसले.

पुढे चार वर्षं ती पैशांसाठी खेळली. आम्ही गावोगाव हिंडलो. एकदा वर्तमानपत्रात आमचा दोघींचा फोटो आला, तेवढंच काय ते कौतुक. मग तिचा खांदा निकामी झाला. खेळणं संपलं, असं डॉक्टर म्हणाले ते मी पिशवीतून ऐकलं. आता आम्हा दोघींचं काय होणार?

तिने पुन्हा अभ्यास केला आणि एका गुंतवणूक कंपनीत नोकरी धरली. मला तिने खुर्चीमागे, भिंतीला टेकवून ठेवलं. काचेच्या भिंती, गार हवा आणि कुजबुजत बोलणारी माणसं. शेजारचा सहकारी तिला म्हणाला, की इथे हरल्यावर हात मिळवून घरी जाता येत नाही, बरं का. ती हसली. पण तो वळताच तिने हात मागे नेऊन माझी मूठ चाचपली. तळहात ओलाचिंब.

तिसऱ्या महिन्यात ती सकाळ आली. परिचारिकांच्या निवृत्तीसाठी साठवलेला पैसा एका कंपनीत घालावा, असा अहवाल डावरीने लिहिला होता. अकरा वाजता बैठक होती. दहाच्या सुमाराला कागद चाळताना ती थिजली. त्या कंपनीने जमीन विकून एकदाच मिळवलेला पैसा तिने दरवर्षीची कमाई म्हणून धरला होता. अहवाल तीन जणांनी तपासला होता, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नोकरी अजून कच्ची होती, आणि घरी दोन वर्षांची लेक.

तिने मला मांडीवर घेतलं. तिचा अंगठा पुन्हा त्याच जागी रुतला. मग मला खुर्चीत ठेवून ती समोरच्या खोलीत, साहेबांकडे गेली. दार उघडंच राहिलं.

"अहवाल मागे घ्या, सर. चूक आहे, आणि माझीच आहे."

"तुला कुणी काही विचारलं होतं का?"

"नाही. म्हणूनच सांगतेय."

साहेबांनी उठून दार लावून घेतलं. मित्रांनो, तेवढी भीती मला कुठल्याच सामन्यात वाटली नव्हती.

नोकरी गेली नाही. पण तिला मोठ्या टेबलावरून उठवून कोपऱ्यात, इतरांचे अहवाल तपासायला बसवलं. शिक्षाच होती ती. तिथे तिने बावीस वर्षं काढली. हळूहळू साहेबसुद्धा आपले कागद घेऊन येऊ लागले आणि दबक्या आवाजात, तिच्याच शब्दांत विचारू लागले, "बघ गं, आत की बाहेर?"

पुढे ती मला घरी घेऊन आली. कपाटाच्या अंधारात माझ्या तारा एकेक करून तुटल्या. प्रत्येक आवाजाला मी दचकायचे. अधूनमधून ती दार उघडायची, मूठ दाबायची आणि जायची. मग येईनाशी झाली. घरात औषधांचा वास आला, माणसांची वर्दळ झाली, आणि सगळं शांत झालं.

काल दार उघडलं. तिची लेक होती. मागे तिचा मामा खोकी भरत होता. "तारा गेल्यात तिच्या," तो म्हणाला, "दे टाकून."

मुलीने मला उजव्या हातात धरलं. बोटं कुठेच बसेनात. आता संपलं, मला वाटलं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मला डाव्या हातात घेतलं. आईच्या अंगठ्याने पाडलेल्या खळगीत तिचा अंगठा अलगद बसला. तिचाही तळहात ओला होता.

"राहू दे, मामा," ती म्हणाली.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू जरूर टाका. जागा थोडी असते, हे मलाही कळतं. फक्त त्याआधी ती एकदा हातात धरून बघा. आणि ज्या हातात ती असायची, त्याच हातात धरा.