वाटीवाटीने

काळी डुलायला लागली तेव्हा मला वाटलं, मजेत आहे. यांना मात्र पहिल्या दिवशीच शंका आली. "अगं, ती पोहत नाहीये," हे म्हणाले. "नुसती हलतेय. पुढे जातच नाही."

काळी म्हणजे आमची मॉली. बोटाएवढी, काजळासारखी काळी, आणि अंडी न घालता थेट पिल्लं देणारी. यांचं फोटोफ्रेमचं दुकान आहे, आमच्या घराच्या खालीच, दोन जिने उतरलं की. दुकानातल्या उरलेल्या काचा जोडून यांनी हौसेने ती टाकी केली होती. पुढे यांच्या हृदयाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, दुकान धाकट्या दिरांनी सांभाळायला घेतलं आणि हे घरी बसले. बसले कसले, आडवेच झाले. दिवसात एकदा काय ते आपणहून उठायचे, सकाळी काळीला खायला घालायला. मला माशांचं कौतुक कधीच नव्हतं. पण काळी गेली तर हे सकाळचेसुद्धा उठणार नाहीत, ही भीती माझ्या मनात घर करून बसली होती.

मी हयगय करणारी बाई नाही. डॉक्टर म्हणाले होते, जिना हळूहळू चढायला-उतरायला लागा. मी म्हटलं, उतरायचंच कशाला? तेल बंद, पाहुणे बंद, दुकानाचा विषय बंद. आमच्या नळाला जड, क्षारांचं पाणी येतं, तोटीच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. तो बघितला की मला वाटायचं, असलाच थर यांच्या काळजाच्या नळ्यांत बसला असणार. मग पाणी शुद्ध करायचं मशीन आणून भिंतीवर बसवलं. पिण्याला तेच, स्वयंपाकाला तेच, काळीच्या टाकीलाही तेच. आपण अमृत प्यायचं आणि मुक्या जिवाला गाळ द्यायचा, हे माझ्याने झालं नसतं.

त्या खेपेला काळीने पिल्लं दिली ती हललीच नाहीत. तळाच्या वाळूवर तशीच पडून राहिली. हे टाकीसमोर खुर्ची ओढून बसले ते जेवायलासुद्धा येईनात. मी माशांच्या दुकानातून निळं औषध आणलं, थेंब मोजून घातलं. काही फरक नाही. मग रोज पाणी बदलायला घेतलं, सगळं मशीनचं, हाताला कोमट लागेल असं करून. जितकं बदलावं तितकी ती जास्त डुलायची. पंख अंगाला मिटलेले, खाणं समोरून खाली गेलं तरी तोंड उघडायची नाही.

"खालची पिल्लं कशी आहेत, बघून येतेस का?" एका दुपारी हे म्हणाले.

खालची म्हणजे माझ्या धाकट्या जावेकडची. दुकानाच्या मागेच ते राहतात. मागच्या बाळंतपणात काळी आपलीच पिल्लं गट्टम करायला लागली, तेव्हा हिने वाचतील तेवढी तांब्यात धरून नेली आणि मागच्या दारच्या जुन्या सिमेंटच्या हौदात सोडून दिली. जाऊ मनाने चांगली, पण तिच्या घरात पाऊल टाकण्याआधी जागा शोधावी लागते. ती पिल्लं एव्हाना देवाघरी गेली असणार, असं मी धरूनच चालले होते.

हौदाला बोटभर शेवाळ होतं. एक फुटकी फरशी, एक प्लास्टिकचा चमचा, कुठलासा वाळका पाला. आणि त्यातून सगळी पिल्लं एकमेकांच्या मागे सुसाट. पिल्लं कसली, चांगली थोराड झाली होती. एकीचं तर पोट पुढे आलं होतं.

"काय घालतेस यांना?"

"तुम्ही दिलेलंच. आठवण झाली की घालते, ताई."

"आणि पाणी?"

"नळाचं. बादली भरून ठेवते, दुसऱ्या दिवशी ओतते. का हो?"

मला राग आला. हिच्या घाणेरड्या हौदात बाळसं धरायचं आणि माझ्या लख्ख टाकीत मरायचं, ही कुठली रीत? एकाच आईची लेकरं, खाणंही एकच. वेगळं होतं ते पाणी. जावेकडून शिकायचं म्हणजे माझ्या अगदी जिवावर आलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला तरी ती गरजेनेच आली.

वर येऊन यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ भिंतीवरच्या मशीनकडे बघत राहिले.

"तिला लागतं ते आपण गाळूनच टाकतोय, म्हणजे," हे म्हणाले. मी बादलीकडे वळले तशी मला थांबवलं. "एकदम ओतू नकोस. सवय मोडलीय तिची, झेपायचं नाही. वाटीवाटीने घालू."

बादलीत पाणी भरून ठेवायचं काम यांनी स्वतःकडे घेतलं. सकाळी एक वाटी, दुपारी एक, संध्याकाळी एक. मी हो-नाही करत फक्त बघत होते. हळूहळू काळीचं डुलणं कमी झालं. मग पंख उघडले. आणि एके दिवशी ती सरळ टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेली, वळली, परत आली. माशासाठी रडणारी बाई मी नव्हे, पण रडले.

"बरी झाली बाई एकदाची," मी डोळे पुसत म्हटलं.

"आजारी नव्हतीच ती," हे म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी काही मठ्ठ नाही. "मासे वेगळे, माणसं वेगळी," असं ठणकावून सांगून मी स्वयंपाकघरात गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली. घासता घासता कबूल करावं लागलं की यांची छाती डॉक्टरांनी केव्हाच नीट केली होती. धडधड राहिली होती ती माझी.

दुसऱ्या दिवशी हे चपला घालून दारात उभे राहिले. "एकच जिना," म्हणाले. "वाटीभर."

मी बाजूला झाले. त्या दिवशी एक जिना उतरले, मधल्या कठड्याला टेकले, वर आले. पुढे काही दिवस तेवढंच. मग एका सकाळी पावलं मधल्या कठड्याशी थांबली नाहीत. खालून जावेचा आवाज आला, "अहो, दादा आले, दादा!" मी कठडा धरून उभीच होते. थोड्या वेळाने दुकानातून काच कापल्याचा करकर आवाज आला. हा हात यांचाच. दिरांना इतकी सरळ काच कापता येत नाही.

मी घरात आले तर काळी पुढच्या काचेपाशी येऊन तोंडाची उघडझाप करत होती. तिला खायला घालायचं हे विसरून गेले होते. दुखणं आल्यापासून पहिल्यांदाच.

मी चिमूटभर खाणं घातलं. संध्याकाळी हे वर आले तेव्हा यांना काही सांगितलं नाही.