बटण सोडा, आजोबा

परत घेण्याची मुदत आज संपत होती, म्हणून आजोबा दुकान उघडायच्या आधीच काचेच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दुकान कसलं, मैदानच ते. एक गल्ली फ्रिजची, एक टीव्हीची, आणि वाटेत माणसाचा विचार बदलावा इतक्या टोकाला परतीचा काउंटर. आजोबांच्या पिशवीत एक वॉकीटॉकी होती. एकच. तिची जोडीदारीण नातीकडे, रात्रभराच्या प्रवासाइतक्या लांब.

मुलाची बदली झाली तेव्हा आजोबांनी ही जोडी याच दुकानातून घेतली होती. खोक्यावर चित्र होतं: दोन डोंगर, दोन माणसं, इकडचा बोलतोय, तिकडचा हसतोय. कविता शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला तेवढं पुरलं. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचं राहूनच गेलं. निघायच्या आधी नात, म्हणजे भिंगरी, गच्चीवर आणि आजोबा बागेत, अशी त्यांनी तालीम केली. आजोबांनी तिला नीट शिकवलं. बटण दाबून बोलायचं, बोलून झालं की सोडायचं आणि ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं तर कोणालाच काही ऐकू येत नाही. भिंगरीला एकदा शिकवलं की पुरे.

मग ती मंडळी गेली. आजोबा रोज संध्याकाळी खिडकीत बसून हाका मारत. वॉकीटॉकी नुसती खरखरायची.

काउंटरवरच्या मुलीने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि बिघाड काय, असं विचारलं. आवाज पोहोचत नाही, आजोबा म्हणाले, यापेक्षा दमदार असेल तर बदलून द्या. कुठपर्यंत पोहोचायला हवा, हे ऐकल्यावर ती हसली नाही, हे तिचे उपकारच. हिचा पल्ला जेमतेम तीन किलोमीटर, तिने समजावलं, आणि एवढ्या लांबची आमच्याकडेच काय, कुठल्याच दुकानात मिळायची नाही. ही परत घेता येईल, पण जोडी पुरी हवी. दुसरी मागवून घ्या, तुम्ही आज आला होतात अशी नोंद मी करून ठेवते.

आजोबांनी तिथूनच सुनेला फोन लावला. सून म्हणाली की ती देणं कठीण आहे. शाळेतून आली की भिंगरी खिडकीत बसते, दिवसभराचं सगळं त्यात सांगते आणि बटण सोडून वाट बघते.

"उत्तर येत नाही, तरी?" आजोबांनी विचारलं.

"ती म्हणते, आजोबांना दम निघत नाही. ते बटण सोडतच नाहीत, म्हणून दोघांचंही अडतंय." सुनेला हसू आवरेना, आणि ते नुसतं हसू नव्हतं. "बाबा, मी सांगते तिला, बिघडली म्हणून. सुट्टीच आहे आज, इथेच आहे ती."

"खोटं नको. तिच्याकडे दे."

मागे मायक्रोवेव्ह छातीशी धरून उभ्या असलेल्या गृहस्थाने उसासा टाकला. आजोबा बाजूला सरकले आणि वर्गात सांगावं तसं सावकाश सांगू लागले. बिघाड कुठेच नाही. तू हाक मारलीस तर ती आपल्या गच्चीपासून बागेपर्यंत जाते, अगदी नदीच्या पुलापर्यंतही जाते. पुढे ती दमते. मी बटण सोडलं होतं, बाळा. माझंच शिकवायचं चुकलं, मी तुला अंतर शिकवलंच नाही.

मी पोरीची खिडकी काढून घेतली, आजोबांना वाटलं.

"म्हणजे मी सांगितलेलं काहीच नाही ऐकलं तुम्ही?"

"एक अक्षरही नाही."

"बापरे. सगळं परत सांगावं लागेल." मग तिने विचारलं, "सुट्टीत येताना आमची गाडी त्या पुलावरूनच येते ना?"

"हो."

"मग मी पुलावर आले की बोलेन. स्टेशन यायच्या आधीच. पण तुम्ही मध्ये बटण दाबायचं नाही, आजोबा. आधी माझी पाळी."

आजोबांनी फोन ठेवला. काउंटरवरच्या मुलीने नोंद करायला पेन उचललंच होतं; त्यांनी मान हलवली आणि वॉकीटॉकी उचलून पिशवीत ठेवली. मायक्रोवेव्हवाले गृहस्थ पुढे सरकत म्हणाले, "सुटला वाटतं तास."

"नाही हो," आजोबा म्हणाले, "आता कुठे गृहपाठ मिळालाय."

घरी आल्यावर त्यांनी ती चार्जिंगला लावली. मोठ्या सुट्ट्या अजून लांब होत्या. संध्याकाळी सवयीने ते खिडकीत बसले, वॉकीटॉकी चालू केली आणि बटणावरचा अंगठा उचलून बाजूला ठेवला. ती खरखरत राहिली. आजोबा ऐकत राहिले.