बरोबरीचा आवाज

"ऐकलंस? ऐकलंस का ते?" ड्वाइटने खुर्ची पुढे ओढली. "बटण दाबलं की त्या गाणाऱ्या बाईचा गळा कसा मोकळा होतो बघ. आपलं जुनं डेस्कच बोलतंय गं हे!"

व्हर्लीनने मान डोलावली. तिलाही अगदी तसंच वाटलं होतं. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत दोघांनी शेजारीशेजारी बसून अर्धं आयुष्य चर्चच्या गायकांची गाणी मिक्स केली होती. पुढे स्टुडिओ विकला गेला, गाणी मिक्स करायचं ते भलंमोठं डेस्क भंगारात निघालं आणि निवृत्त झालेला ड्वाइट त्या डेस्कचा आवाज कॉम्प्युटरात उतरवायला बसला. त्यात त्याची तीन वर्षं गेली. आता ते प्लगइन, म्हणजे कुठल्याही गाण्याला त्या डेस्कचा आवाज चढवणारा छोटा प्रोग्रॅम, तयार होतं आणि जाहिरातीत त्याला व्हर्लीनचा शब्द हवा होता. गावात तिच्या कानाला मान होता.

"देते की," ती म्हणाली. "फक्त एकदा दोन्हीकडचा आवाज सारखा करून ऐकू दे. तुझं बटण दाबलं की मीटर जरा वर जातंय."

"अगं, एखादा डेसिबल असेल! तेवढ्याने काय होतंय?"

"काय होतं ते मी तुला सांगू?"

आवाज केसभर वाढला तर माणसाला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. स्टुडिओत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ड्वाइटनेच हे दटावून शिकवलं होतं.

व्हर्लीनने आवाज बरोबरीला आणला, स्क्रीनकडे पाठ केली आणि डोळे मिटले. ड्वाइट बटण दाबत राहिला. एकदा तिला वाटलं, हे चालू. श्वास स्पष्ट आहे. बटण बंद होतं. पुन्हा वाटलं, नाही, हे. तेव्हाही बंदच.

"ऊठ तिथून," ड्वाइट म्हणाला. "मी सांगतो."

तो बसला. "हे! शंभर टक्के हे." चुकलं. पुढचं बरोबर आलं, त्यावर त्याने मांडीवर थाप मारली. त्यानंतरचं पुन्हा चुकलं. मग स्पीकर बदलले, हेडफोन आणले. कशानेच काही ठरेना.

इतक्यात त्याची बायको ओपल बर्फ घातलेल्या गार चहाचा ट्रे घेऊन आली.

"ओपल, उभी राहा तिथेच. दोनदा ऐकवतो. कुठलं चांगलं?"

तिने मन लावून ऐकलं. "बाई तीच ना दोन्हीकडे?"

"तीच."

"मग काय विचारता? पहिल्यांदा जरा दुःखी वाटली मला. पण तेव्हा माझे हात भरून आले होते."

व्हर्लीनला हसू फुटलं. ड्वाइट हसला नाही. ओपल गेल्यावर त्याने ग्लास तसाच खाली ठेवला.

"व्हर्लीन, आपण त्या डेस्कमधून गाणं काढायचो आणि म्हणायचो, आला बघ जीव. तेव्हा कधी आवाज सारखा करून ऐकलं होतं?"

तिने खूप आठवून पाहिलं. "नसावं."

"मग मी ही तीन वर्षं नक्की काय उतरवत होतो?"

त्या डेस्कवरची गाणी तिला आजही जिवंत वाटत होती. ती खरंच तशी होती, की ते दोघं फक्त मोठ्याने ऐकत होते? नाव देते असंही न म्हणता आणि नाही असंही न म्हणता ती घरी गेली.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. "एक सोय घातली त्यात. बटण दाबलं की आवाज आपोआप बरोबरीला येतो. कोणी फसायला नको."

"अरे, मग घेणाऱ्याला फरक कसा कळेल?"

"असेल तर कळेल."

ती म्हणाली, "माझं नाव घाल. लिही, मी हे आवाज सारखा करून ऐकलं, तुम्हीही तसंच ऐका. त्यापुढे एक अक्षर नको."

उन्हाळ्यात गावात रेकॉर्डिंगच्या यंत्रांचं प्रदर्शन भरलं. ड्वाइटने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. व्हर्लीन त्याच्या टेबलाशी उभी राहिली. लोक हेडफोन चढवत, बटण दाबत, पुन्हा दाबत, कपाळाला आठ्या घालत आणि "छान आहे हं" म्हणून शेजारच्या टेबलाकडे वळत. तिथे बटण दाबलं रे दाबलं की मीटर वर उडे आणि "वा!" ऐकू येई.

संध्याकाळी एक दाढीवाला गृहस्थ आला. त्याने घाई केली नाही. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, मग पुन्हा लावलं. व्हर्लीन त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. शेवटी त्याने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"काका, हे चालू आहे ना?"

ड्वाइटने चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून स्क्रीनकडे नीट पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "चालू आहे."