ओल्या मॉपचं वजन

दिवसाचं तिसरं ऑपरेशन होतं आणि माझे गुडघे बोलायला लागले होते. पण गुडघ्यांना विचारतंय कोण? बत्तीस वर्षं थिएटरमध्ये उभी आहे मी. तोंड बंद, हात चालू, एवढंच आता जमतं.

टेबलावरची बाई अडतीस वर्षांची, शिवणकाम करणारी. गर्भाशयात सहा गाठी. भुलीआधी माझा हात धरून म्हणाली, “सिस्टर, गाठी काढा, पण पिशवी राहू द्या हो. लग्नच उशिरा झालं माझं. मूल हवंय मला.” ऑपरेशन करणाऱ्या मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, रक्त दीड लिटरवर जायला लागलं तर आधी जीव, मग पिशवी. तिने मुकाट्याने सही केली होती.

मॅडमचा हात चांगला. गर्भाशयाच्या मुळाशी रबरी नळी आवळली, रक्तवाहिन्या आकसणारं इंजेक्शन दिलं, मगच सुरी लावली. रक्त मोजायचं काम माझं. रक्त टिपून भिजलेले मॉप, म्हणजे कापडाच्या घड्या, काट्यावर टाकायचे, कोरड्या मॉपचं वजन वजा करायचं, उरेल ते रक्त. त्यात रक्त ओढून घेणाऱ्या सक्शनच्या बाटलीतलं मिळवायचं आणि फळ्यावर लिहायचं.

पाचवी गाठ निघाली तेव्हा फळ्यावर साडेचौदाशे मिलिलिटर होते. सहावी गर्भाशयाच्या मागच्या बाजूला होती, सगळ्यांत मोठी.

मॅडमनी मान वर केली. “नक्की साडेचौदाशे?”

“हो.”

“मग नको आता. पिशवी काढू या.”

“कमाल आहे,” भूलवाले डॉक्टर म्हणाले. “एवढं रक्त गेलं आणि नाडी मजेत चाललीये!”

मी सलाइनच्या तसराळ्याकडे पाहिलं. आतडी सुकू नयेत म्हणून बारा मॉप मीच सलाइनमध्ये भिजवून, पिळून दिले होते. वजा मात्र कोरडं वजन करत होते. पाणी रक्ताच्या नावावर चढवलं होतं मी. नवशिकीही करणार नाही अशी चूक.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. दोन वर्षांत निवृत्ती. आपल्या हाताने पायावर धोंडा कशाला पाडून घ्या?

“मॅडम, थांबा. चुकलं माझं.” सगळं सांगितलं.

मास्कवरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते डोळे मी विसरणार नाही. “परत मोजा,” एवढंच म्हणाल्या.

साडेआठशे भरले. सहावी गाठ निघाली, टाके पडले, नळी सोडली तरी रक्त फारसं आलं नाही.

संध्याकाळी ती शुद्धीवर आली. मॅडम तिला सांगून गेल्या होत्या, “सिस्टरांमुळे वाचली तुमची पिशवी.” तिने माझा हात कपाळाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अगं, माझ्यामुळेच जाणार होती,” मी म्हणाले. “मोजण्यात चूक केली मी.”

ती अजून गुंगीत होती. हात न सोडता तिने विचारलं, “पण आहे ना?”

“आहे,” मी म्हणाले, आणि तिच्या पलंगाच्या कडेवर बसून रडले.