किल्ल्यासाठी खणलेला वरंबा

मी एक जुना वरंबा आहे. मित्रांनो, इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला तुमच्या घरांमागे पाइनचं जंगल आहे ना, तिथे जमीन लांबच लांब रांगांनी वरखाली होते. त्यातला उंचवटा म्हणजे मी आणि शेजारचा खोलगट भाग म्हणजे माझी सरी. तुम्ही माझ्यावरून सायकली उडवता आणि मला 'बंप' म्हणता. राग येतो मला!

मला एका बाईनं घडवलं. ती गुलाम होती. तंबाखू लावण्यासाठी भर उन्हात ती खोऱ्यानं माती ओढायची, माझा माथा थापटायची आणि पुढे सरकायची. पीक चांगलं आलं की लोक मालकाची पाठ थोपटत. त्यानं जन्मात खोरं हातात धरलं नव्हतं! आज रस्त्याला नाव मात्र त्याचं आहे. तिचं नाव कुठेच नाही. तिच्या हातचं म्हणून उरलो तो मी.

पुढे शेती सुटली. माझ्यावर पाइन उगवले आणि त्यांच्या मुळांनी मला धरून ठेवलं. कोणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही, ते एका अर्थी बरंच झालं. मग तुमची घरं आली आणि तुमची दिवाळीही आली.

दिवाळीत किल्ला हवा आणि किल्ल्याला माती हवी. परीक्षितकाका मुलांची फौज आणि बादल्या घेऊन जंगलात आले. "अरे यार, सेम आपल्या कोकणातली लाल माती!" असं म्हणत त्यांनी माझ्यात फावडं घातलं. मग दरवर्षी तेच. यंदा तर किल्ल्यांची कॉम्पिटिशन होती, म्हणून त्यांनी चक्क ढकलगाडी आणली.

युनिव्हर्सिटीत मातीचा अभ्यास करणारी देवयानी तिथून चालली होती. ती धावतच आली.

"काका, प्लीज थांबा! या लाइन्स बघा. हे वरंबे गुलामांनी हातानं केलेत. एकदा खणले की गेले!"

"अगं, मातीच तर आहे! आणि आम्ही मुलांना हिस्टरीच शिकवतोय ना?"

ऐकलंत? इतिहास शिकवायला इतिहासच खणायचा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"बाबा, व्हॉट वेअर देअर नेम्स?" काकांच्या मुलीनं, कादंबरीनं विचारलं.

"चल गं, लेट होतोय," काका म्हणाले आणि गाडी भरून घेऊन गेले.

त्या किल्ल्याला पहिलं बक्षीस मिळालं. बुरुजांना, दरवाजांना नावांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. एकेका मावळ्यालाही नाव दिलं होतं.

दिवाळी संपल्यावर काकांनी तो सगळा ढिगारा आणून माझ्या सरीत ओतला. "माती परत केली, देवयानीला सांगा," म्हणत त्यांनी हात झटकले. अहो, माती परत आली, मी नाही आलो! आता तिथे ना वरंबा आहे, ना सरी.

मित्रांनो, वाकड्या पाइनखाली माझा खाटेएवढा तुकडा अजून शिल्लक आहे. किल्ल्याला माती दुकानातून आणा, तिथे ती पोत्यांनी मिळते. इथे याल तेव्हा फावडं घरी ठेवून या. उरलेल्या सरीतून चाला, ती बाई जिथे उभी राहायची तिथेच तुमचे पाय पडतील. आणि त्या ढिगाऱ्यातला तुमचा प्लॅस्टिकचा मावळा तेवढा घेऊन जा. भाला रोखून तो बिचारा अजून पहारा देतोय, पण राखायचं होतं ते तुम्हीच खणून नेलंत.