पुसायची राहिलेली कुकी

मी कुकी बोलतेय. खायची नव्हे. भिसेगावात नाना आणि सुचेताबाई राहतात, त्यांच्या टॅबमध्ये माझं बिऱ्हाड आहे. एका ओळीत मावेन एवढी मी, पण या घराचं जे मला ठाऊक आहे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही नाही.

माझा जन्म इंटरनेट जोडून देणाऱ्या किशोरच्या बोटातून झाला. इंटरनेटची वायर ओढून तो घरात आला, टॅब सुरू केला आणि समोरच्या लांबलचक मजकुराखाली 'मान्य आहे' दाबून मोकळा झाला.

"काय लिहिलंय रे?" नानांनी विचारलं.

"काय नाय हो नाना, समदी हेच दाबतात."

त्या मजकुरात मीच होते. टॅबवर कोण काय बघतं ते मी इंटरनेट कंपनीला कळवायचं आणि कंपनीनं ते जाहिरातवाल्यांना विकायचं, असं माझं काम. घरातल्यांना कुणी नीट विचारलं नाही. मलाही नाही म्हणा.

सुरुवातीला कळवण्यासारखं काही नव्हतंच. सकाळी नानांचा पेपर, दुपारी बाईंची कीर्तनं. मला अगदी कंटाळा आला होता. मग एका दुपारी नानांचा डोळा लागल्यावर बाईंनी भीत भीत टाइप केलं, 'सातवा महिना काय खावे'.

तेव्हा मला कळलं की या घराला एक लेक आहे. जागृती. दोन वर्षांपूर्वी तिनं रसायनीच्या कारखान्यातल्या जगदीशशी रजिस्टर लग्न केलं आणि नानांनी तिचं नाव टाकलं. रसायनी इथून तासाभरावर. तरी बाईंच्या वाट्याला फक्त चोरून फोन. चोंबडेपणा म्हणा हवं तर, पण टॅब ओट्यावर असायचा, कानावर पडायचंच.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं गं," बाई म्हणाल्या.

"बाबांना एकदा बोलावू दे, आई. लगेच निघते. पण नववा लागला की डॉक्टर प्रवास करू द्यायचे नाहीत."

बाई रोज झबली बघायच्या, टोपरी बघायच्या. घ्यायच्या मात्र काहीच नाहीत. मग हिस्ट्री पुसायच्या. लेकीनंच कधीतरी शिकवलं होतं. हिस्ट्री पुसली तरी मी राहते, हे त्यांना कोण सांगणार? मी आपली इमानानं कळवत होते, गिऱ्हाईक आहे म्हणून. माणूस नुसतं बघायला म्हणूनही बघतं, हे माझ्या कंपनीला कळत नाही. तेव्हा मलाही कळत नव्हतं.

आणि सकाळी नानांच्या पेपरशेजारी, सातव्या महिन्याच्या आहाराच्या जाहिरातीखाली, झबली दिसायला लागली. पहिल्या दिवशी त्यांनी ती बोटानं बाजूला सारली. चौथ्या दिवशी सारली नाहीत. किशोर वायर बघायला आला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "या जाहिराती सगळ्यांनाच येतात का रे?"

"नाय नाना. घरात जे कोन बघतं ना, तेच येतं."

नानांनी टॅब त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "बघितलेलं पुसायचं कसं, ते दाखव मला." किशोरनं त्यांनाही हिस्ट्री पुसायला शिकवलं. तोही मला विसरला.

मग काय, सकाळी नाना शोधायचे, 'आठव्या महिन्यात गाडीचा प्रवास चालतो का'. दुपारी बाई तेच शोधायच्या. दोघंही पुसून ठेवायचे, एकाच टॅबवर. माझा जीव नुसता तुटायचा. कंपनीपाशी बोलायला मला तोंड होतं, या दोघांपाशी नव्हतं. आणि नववा लागायला आठ दिवस उरले होते.

त्या दुपारी बाईंच्या झबल्यांमध्ये एक वेगळीच जाहिरात आली. पाळणा टांगायचा, छतात बसवायचा लोखंडी हुक. बाईंनी ती निरखून पाहिली. मग वर पाहिलं. जागृतीच्या पाळण्याचा हुक अजून छताला होता. नवा हुक त्यांनी कधीच शोधला नव्हता, आणि घरात माणसं दोनच.

टॅब घेऊन त्या नानांपुढे उभ्या राहिल्या. "अहो, हुक कशाला बघत होतात?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जुना गंजलाय. त्यावर पोर कसं ठेवायचं?"

बाईंनी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"जागृती," नाना म्हणाले. दोन वर्षांनी. "तयारी करून ठेव गं. मी न्यायला येतोय."

ती परवा आली. हुकही बसला. काल नानांनी रिकामा पाळणा हलवून चारदा तपासून घेतला. आणि आत्ता जागृतीनं टॅब हातात घेतलाय. "आई, हिस्ट्री पुसून काय होतंय? ही कुकी सगळं बाहेर सांगते. काढते हिला."

बरोबर आहे तिचं. घरच्यांना न विचारता घरात शिरले होते मी. मला राग नाही. फक्त आता पुन्हा 'मान्य आहे' दाबायची वेळ आली तर आधी वाचा हो. आणि मनातलं एकमेकांना सांगा, माझ्यासारखीला नको.

तिचं बोट आता माझ्यावर आलंय. आणखी थोडे दिवस राहायला मिळायला हवं होतं मला. बाळाचं नाव काय ठेवतात, तेवढंच ऐकायचं होतं. कंपनीला नसतं कळवलं.